हिराबाईनं ओळखलेल्या मुली

धारवाडच्या विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहाची साहाय्यक वॉर्डन म्हणून मी सतरा वर्षं काढली. शिकवायचे मराठी, राहायचे मुलींच्यात. विद्यापीठाच्या त्या टेकडीवर मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली, त्यांची भाषणं ऐकली, काहींच्या हाताखाली काम केलं. पण ज्या माणसाची आठवण आली की आजही मी हातातलं काम खाली ठेवते, ते माणूस पगाराच्या रजिस्टरवर अंगठा उठवायचं. हिराबाई तिचं नाव. गेल्या वर्षी ती गेली. तिच्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहायला बसले.

हिराबाई अळणावरजवळच्या एका खेड्यातली. नवरा लाकडाच्या वखारीत होता, तो लवकर गेला. पोटी मूल नाही. गावात ती बाळंतपणं करायची, बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायची, कुणाचा हात-पाय मुरगळला तर चोळून जागेवर आणायची. १९७४ साली कुणाच्या तरी ओळखीनं ती आमच्या वसतिगृहात झाडलोटीच्या कामावर लागली. तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल. बुटकी, रुंद मनगटांची, बोलायला कमी. मराठी बोलता बोलता कन्नडात जायची आणि तिथूनच परत यायची. मुली तिला हिराक्का म्हणत.

शांतव्वा नावाची एक मुलगी होती, नवलगुंदकडच्या शेतकऱ्याची. लांब पल्ल्याचं धावायची. एके दिवशी ती मैदानावरून लंगडत आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. हिराबाई जिना झाडत होती. तिनं केरसुणी भिंतीला टेकवली, खाली बसली, मुलीचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं दाबत दाबत वर सरकत गेली. एका जागी थांबून म्हणाली, "हितं धरलंय." अर्ध्या तासानं शांतव्वा सरळ चालत खोलीत गेली.

त्या आठवड्यात तीन मुली आल्या, पुढच्या महिन्यात सात. मागच्या व्हरांड्यात संध्याकाळी चटई पडू लागली. मुलींना धावायला शिकवणारे गुरुराज सर पहिल्यांदा नाराज होते. वैद्यकीय ज्ञान नसलेल्या बाईनं खेळाडूंच्या स्नायूंना हात लावू नये, असं त्यांनी मला लेखी कळवलं होतं. वर्षभरानं तेच सर व्हरांड्याच्या कठड्यापाशी उभे राहून विचारायचे, कुसुमची पोटरी कशी आहे, उद्या पळवू का? हिराबाई मान न उचलता सांगायची, उद्या नको, परवा. आणि सर परवापर्यंत थांबायचे.

१९७९च्या जानेवारीत आमच्या मुली दक्षिणेकडं आंतरविद्यापीठ स्पर्धांना गेल्या. नऊ मुली आणि गुरुराज सर, विद्यापीठानं भाड्यानं घेतलेल्या लहान बसमधून. स्पर्धा संपवून परत येत असताना पहाटे, हावेरीच्या अलीकडं, दाट धुक्यात त्यांची बस रस्त्यात बंद पडून उभ्या असलेल्या लाकडाच्या ट्रकवर आदळली. ट्रकला मागं दिवा नव्हता. पाच मुली, सर आणि ड्रायव्हर जागच्या जागी गेले. मागच्या बाकांवरच्या चौघी वाचल्या.

सकाळी साडेआठला कुलसचिवांच्या कचेरीतून मला फोन आला. मृतदेह हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात आणत आहेत, मुलींना ओळखणारं कुणीतरी हवं, तुम्ही निघा. मी जीपमध्ये बसले तेव्हा हिराबाई फाटकाशी उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण कळलं होतं. मी म्हटलं, चल, त्यांच्या आया येतील, त्यांच्याजवळ बसायला कुणीतरी लागेल. एवढ्यासाठीच मी तिला बरोबर घेतलं, हे कबूल करायला हवं.

दवाखान्याच्या मागच्या बाजूच्या लांब खोलीत पाच मुली पांढऱ्या चादरींखाली होत्या. मी पहिली चादर थोडी बाजूला केली आणि पुन्हा ओढली. मला त्यांचे हजेरी क्रमांक पाठ होते. कुणाचे किती पेपर राहिलेत, कुणाला घरून पत्र येत नाही, सगळं माहीत होतं. पण त्या अपघातानं चेहरे ठेवले नव्हते, आणि माझ्याजवळ चेहऱ्यांशिवाय दुसरी कसलीच ओळख नव्हती. मी भिंतीला धरून बाहेर आले. वाचलेल्या चौघींपैकी दोघी बेशुद्ध होत्या, वत्सला मिरजकर नावाच्या मुलीला शस्त्रक्रियेला नेलं होतं, आणि चौथी डोळे उघडे ठेवून छताकडं बघत होती. तिला आणून दाखवणं कुणाच्या मनातही आलं नाही.

पोलिसांनी तोवर नावं लिहिली होती. विद्यापीठाच्या निळ्या ट्रॅकसूटच्या कॉलरला आतून प्रत्येक मुलीनं लाल दोऱ्यानं नाव घातलं होतं, त्यावरून. दुपारपर्यंत घरची माणसं आली. त्यातूनच तो प्रसंग उभा राहिला.

गिरिजा म्हणून एक मुलगी होती, शिरसीकडच्या शाळामास्तरांची. मास्तर आले, गिरिजाचं नाव असलेल्या देहापाशी बसले, आणि चादरीवर डोकं ठेवून राहिले. पलीकडं शांतव्वाचे वडील उभे होते. खांद्यावर कांबळं, पायात चपला नाहीत. शांतव्वा लिहिलेल्या देहाकडं त्यांनी बराच वेळ बघितलं आणि शांतपणे सांगितलं की ही माझी मुलगी नाही. पोलीस हवालदारानं कॉलर दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, लिहिलेलं मला कळत नाही, पण ही माझी नाही. मग तुमची कोणती, असं विचारल्यावर त्यांनी मास्तरांच्या पुढ्यातल्या देहाकडं हात केला, आणि लगेच हात खाली घेतला. कारण खात्री त्यांनाही नव्हती. मास्तर ताठ बसले. माझ्या मुलीला हात लावू नका, एवढंच म्हणाले. दोघंही कुणावर ओरडले नाहीत. त्या शांततेत उभं राहणं फार कठीण होतं.

तेवढ्यात हिराबाई पुढं आली. ती इतका वेळ दाराशी, कुसुमच्या आईला धरून बसली होती. तिनं हवालदाराला विचारलं, पायमोजे काढू का? हवालदारानं माझ्याकडं बघितलं. मी काहीच बोलू शकले नाही. हिराबाईनं ते संमती म्हणून घेतलं.

ती मास्तरांच्या समोर, देहाच्या पायथ्याशी बसली. तिनं बूट सोडले, मोजे उतरवले आणि दोन्ही पावलं दोन्ही हातांत घेतली. मग डोळे मिटले. मी तिच्यापासून चार हातांवर होते. रोज संध्याकाळी व्हरांड्यात ती जशी बसायची तशीच बसली होती. अंगठा टाचेवरून निघाला, घोट्याला वळसा घालून वर गेला आणि एका जागी थांबला. तिनं डोळे उघडले आणि शांतव्वाच्या वडिलांकडं बघून कन्नडात म्हणाली, "ईकी शांतव्वा, अप्पा." ही शांतव्वा आहे.

मग ती उठून पलीकडच्या देहापाशी गेली, तिथंही तसंच केलं. परत आली ती मास्तरांजवळ. मास्तरांच्या चेहऱ्यावर राग होता. एका झाडूवाल्या बाईनं असं काही सांगावं आणि आपण ते मानावं, हे त्यांना सहन होत नव्हतं. कॉलरवर तिच्या हातानं घातलेलं नाव आहे, ते म्हणाले. हिराबाईनं सांगितलं की मुली नेहमी एकमेकींचे कपडे घालतात, एकीला थंडी वाजली की दुसरी आपला काढून देते. मास्तरांनी मान हलवली नाही.

तेव्हा तिनं विचारलं, "मास्तर, गिरिजा लहानपणी विस्तवावर पाय देऊन उभी राहिली होती का?"

मास्तर तिच्याकडं वळले. "चार वर्षांची होती," ते म्हणाले. "सुपारी उकळायची चूल. निखारा बाहेर पडला होता."

"डाव्या टाचेच्या आतल्या अंगाला. वरून दिसत न्हाई आता. बोटाला लागतंय."

तिनं मास्तरांचा हात धरला. त्यांना उठवून पलीकडं नेलं, आपल्याजवळ बसवलं आणि त्यांचं बोट आपल्या बोटाखाली घेऊन त्या टाचेवर ठेवलं. मास्तरांचं बोट तिथं थांबलं. मग त्यांनी ते पाऊल दोन्ही हातांनी छातीशी धरलं. त्या खोलीत पहिलं रडणं तेव्हा ऐकू आलं.

शांतव्वाच्या वडिलांनी हिराबाईला विचारलं की तुला कसं कळलं? तिनं सांगितलं, "रोज संध्याकाळी हातात असायचं हे पाऊल, अप्पा. काळ्या रानात अनवाणी पळालेलं पाऊल दडत न्हाई." म्हाताऱ्यानं खांद्यावरचं कांबळं काढून मुलीच्या पायांवर घातलं.

उरलेल्या तिघींनाही हवालदारानं तिच्याकडून पुन्हा ओळखून घेतलं. हवालदाराची टोपी केव्हा हातात आली होती ते मला आठवत नाही. मग हिराबाईनं परिचारिकेकडं गरम पाणी मागितलं. एकामागून एक पाचही मुलींची पावलं तिनं धुतली, पदरानं पुसली. कुणी तिला सांगितलं नव्हतं आणि कुणी तिला अडवलंही नाही. डॉक्टर येऊन दाराशी थांबले होते, ते काम होईपर्यंत आत आले नाहीत. मी देवाधर्माची बाई नाही. पण त्या खोलीत चपला घालून उभी आहे याची मला लाज वाटली आणि मी त्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन लॉऱ्यांमधून मुलींना आणि सरांना विद्यापीठात आणलं. हुबळी ते धारवाड हा वीस किलोमीटरचा रस्ता. उणकलच्या तळ्यापासून माणसं उभी होती. कॉलेजची मुलं, गोकुळ रोडवरच्या कारखान्यांतले कामगार, शाळेतली पोरं, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका. घोषणा नाही, फुलं उधळणं नाही. लॉरी जवळ आली की टोप्या उतरायच्या. मैदानाच्या फाटकापाशी मुलांनी लॉऱ्या थांबवल्या. आत धावपट्टीवर चुन्याच्या रेषा ताज्या होत्या, गुरुराज सरांनी जाण्याआधी मारून घेतलेल्या. त्या रेषांवरून चाक न्यायचं नाही, असं मुलांनी आपसात ठरवलं होतं. त्यांनी चपला-बूट फाटकापाशी काढले आणि सहाही तिरड्या खांद्यावर घेऊन ती अनवाणी आत गेली. चार हजार माणसं मैदानाभोवती होती आणि मला पावलांचा आवाज ऐकू येत होता. कुलगुरूंनी बोलायला सुरुवात केली, दोन वाक्यं बोलले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. ते जे बोलणार होते ते कुणालाच कधी कळलं नाही, आणि त्याबद्दल त्यांना कुणी नावंही ठेवली नाहीत.

त्या महिन्यात वसतिगृहात मुली जेवणाच्या पंगतीत पाच जागा सोडून बसायच्या. मैदानावर कुणी जात नव्हतं. मागच्या व्हरांड्यात चटई गुंडाळून ठेवलेली होती. हिराबाई जिने झाडायची, पाणी भरायची, आणि संध्याकाळी काय करावं हे न कळल्यासारखी पायरीवर बसून राहायची.

मार्चमध्ये मी वत्सलाला भेटायला हुबळीला गेले. देशपांडे नगरात तिचं घर. वडील रामचंद्रअण्णा मिरजकर, बाजारात भांड्यांचं दुकान. घराणं मूळ मिरजेकडचं, पण तीन पिढ्या हुबळीत गेलेल्या. मुलीच्या जातीनं अर्ध्या चड्डीत धावणं त्यांना आवडलं नव्हतं, तरी त्यांनी अडवलं नव्हतं. वत्सला शंभर मीटरची. मांडीचं हाड मोडलं होतं, आत सळई घातली होती. डॉक्टर म्हणत होते की हाड जुळलंय, आता पाय हलवायला हवा, नाहीतर गुडघा कायमचा आखडेल. वत्सला पाय हलवत नव्हती. बोलतही नव्हती. तिच्या आई, रुक्मिणीबाई, मला बाहेर नेऊन म्हणाल्या की हिला चालायचंच नाही असं दिसतंय.

परत आल्यावर मी हे हिराबाईला सांगितलं.  दुसऱ्या दिवशी दुपारी तीनची बस पकडून ती हुबळीला गेली.

त्यानंतर ती रोज गेली. पहाटे उठून आपलं काम आटपायची, दुपारी जायची, दिवेलागणीला परत यायची. रामचंद्रअण्णांनी पहिल्या दिवशी तिला दारातून सांगितलं होतं की आमच्याकडं डॉक्टर येतात. रुक्मिणीबाईंनी तिला मागच्या दारानं आत घेतलं. मग अण्णांनी नकार गुंडाळून ठेवला. गोकुळ रोडच्या एका कारखान्यातून त्यांनी दोन लोखंडी नळ्या करून आणल्या आणि वत्सलाला धरून चालता यावं म्हणून त्या पलंगापासून दारापर्यंत बसवल्या. नळ्या तशाच चकचकीत राहिल्या. हिराबाई मांडीला तेल चोळायची, गावाकडच्या गोष्टी सांगायची. कुणाची म्हैस व्याली, चंद्रभागेच्या, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीच्या, लेकीला मुलगा झाला. वत्सला भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. असे दोन महिने गेले.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी तिच्याबरोबर गेले होते. मी खुर्चीत, हिराबाई खाली, वत्सलाचा पाय तिच्या हातात. आणि वत्सला एकदम बोलायला लागली. आवाज बसलेला, वापर नसलेला.

ती म्हणाली की येताना तिच्या मांडीत पेटका आला होता. शांतव्वा मागच्या बाकावर होती. चहाला बस थांबली तेव्हा शांतव्वा उठली आणि म्हणाली, तू मागं ये, पाय लांब करून बस, मी पुढं बसते. "ती माझ्या जागेवर बसली होती," वत्सला म्हणाली. "माझ्या जागेवर."

माझ्या तोंडाशी आलेली वाक्यं सगळी खोटी वाटत होती. हिराबाईचा हात क्षणभर थांबला.

"मीच सांगितलं होतं तिला तसं," ती म्हणाली.

वत्सलानं भिंतीकडचं तोंड वळवलं.

"निघताना सांगितलं. म्हटलं, वत्सलीची मांडी धरतीय, येताना तिला मागं बसव, पाय आखडू देऊ नकोस. तू कॅप्टन हाईस, तुझ्यावर सोपवलंय म्हटलं. म्हणून उठली ती."

 वत्सलानं पाय ओढून घेतला. चार महिन्यांत पहिल्यांदा तो पाय आपल्या बळावर हलला होता, पण तेव्हा ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. "तूच मारलंस तिला," ती म्हणाली. "परत येऊ नकोस इथं."

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. उणकल मागं पडल्यावर मी विचारलं. मुली निघाल्या त्या मंगळवारी हिराबाई धारवाडात नव्हतीच. बहिणीच्या लेकीच्या बाळंतपणाला ती आदल्या शनिवारी गावी गेली होती. रजेच्या अर्जावर माझी सही होती. तिनं शांतव्वाला काही सांगणं शक्यच नव्हतं.

"खोटं का सांगितलंस?" मी म्हटलं.

ती खिडकीतून बाहेर बघत होती. "ते तिच्या मांडीवर बसलं होतं बाई. मांडी हलायची कशी? म्हटलं, माझ्याकडं दे थोडे दिवस."

मी साहित्य शिकवत होते. त्याग, करुणा असे शब्द मी फळ्यावर लिहून मुलांना समजावून सांगितले होते. त्या बसमध्ये मला आपण पहिलीत बसलोय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. रुक्मिणीबाईंनी रडत रडत सांगितलं की वत्सला तुला आत घेऊ नका म्हणते. हिराबाई बरं म्हणाली आणि समोरच्या पायरीवर बसली. मालिशीला लागतो तेवढा वेळ बसली आणि उठून बसस्टँडवर गेली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. रामचंद्रअण्णा दुकानातून लवकर घरी येऊन तिच्याशेजारी पायरीवर बसू लागले. 

आठव्या दिवशी आतून लोखंडाचा आवाज आला. वत्सला नळ्या धरून, भिंत धरून, घामाघूम होऊन दारापर्यंत आली होती. अण्णा उठायला लागले तर हिराबाईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

वत्सला दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "हिराक्का, शांतव्वानं कधी कुणाचं ऐकलं होतं का? तू सांगितलं नसतंस तरी ती उठलीच असती. तिच्या मनात आलं, तिनं केलं. तो ट्रक तिथं उभा आहे हे तुला कुठं ठाऊक होतं? तुझा काय दोष?" हे बोलताना तिचा आवाज हळूहळू खाली आला, आणि शेवटचं वाक्य ती स्वतःलाच सांगत असावी तसं म्हणाली. मग म्हणाली, "आत ये."

हे मला अण्णांनी सांगितलं. ते सांगताना भांड्यांच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, त्यांचे डोळे भरून आले होते.

पावसाळ्यानंतर वत्सला काठी घेऊन उणकलच्या तळ्यापर्यंत चालत जाऊ लागली. पुन्हा स्पर्धेत ती धावली नाही. पाय दोन बोटं आखूड राहिला. पण तिनं शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि १९८२ साली हुबळीतल्या एका मुलींच्या शाळेत तिला नोकरी लागली. पेढे घेऊन ती वसतिगृहात आली. मागच्या व्हरांड्यात आम्ही तिघी बसलो होतो. हिराबाई त्या वर्षी काम सोडून गावी जाणार होती. तिनं पेढा हातात धरून सांगून टाकलं की पोरी, तुम्ही निघालात त्या दिवशी मी हितं नव्हतेच.

वत्सला हसली. "मला माहीत आहे. निघताना आम्ही तेलाची बाटली शोधत होतो, तुला विचारायचं तर तू नव्हतीस. रागाच्या भरात आठवलं नाही. तू पायरीवर बसायचीस ना, मी खिडकीला धरून उभी राहून बघायचे. चौथ्या दिवशी आठवलं."

मी विचारलं, मग दारात येऊन ते सगळं का बोललीस?

"ती माझ्यासाठी खोटं बोलली होती," वत्सला म्हणाली. "तिला खोटी कशी पाडू?"

हिराबाईनं पेढ्याचा तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला. 

१९८५च्या फेब्रुवारीत जिल्ह्यातल्या शाळांच्या स्पर्धा विद्यापीठाच्या मैदानावर होत्या. वत्सलाच्या शाळेच्या मुली उतरणार होत्या. तिनं हिराबाईला बोलावणं पाठवलं. हिराबाई सकाळच्या पॅसेंजरनं अळणावरहून आली, डोळ्यांना कमी दिसत होतं, हातात नव्या तांदळाच्या पिठाची पिशवी. शेवटच्या रेषेजवळ तिला खुर्ची दिली, ती खाली गवतावर बसली. तेव्हा तिच्या बोलण्यातून मला कळलं की आठ वर्षं या मुलींच्या पायांना तेल चोळूनही तिनं एकसुद्धा शर्यत पाहिलेली नव्हती. सरावाची वेळ ही तिची पाणी भरायची वेळ होती, आणि स्पर्धा नेहमी परगावी.

शंभर मीटरच्या सहा मुली पलीकडं उभ्या राहिल्या. पिस्तुलाचा आवाज झाला. मुली आल्या आणि आमच्यासमोरून गेल्या.

"संपलं?" हिराबाईनं विचारलं.

"संपलं," मी म्हटलं.

ती बराच वेळ रिकाम्या धावपट्टीकडं बघत होती. एवढ्यासाठी पोरी वर्षभर पाय झिजवत होत्या, असं ती हळू म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. मोठ्या देवळात पहिल्यांदा आलेलं माणूस जसं वर बघतं तसा तिचा चेहरा झाला होता. वत्सला लंगडत आमच्याकडं आली, तेव्हा तिनं तिला विचारलं, "पळताना काय वाटतं गं?"

वत्सलानं विचार केला. "काहीच नाही, हिराक्का. पाय आहेत हेसुद्धा कळत नाही."

हिराबाईनं हे ऐकून घेतलं. पुढच्या शर्यतीच्या मुली रेषेवर येत होत्या. ती गवतावर हात टेकून उठली, पदर खोचला, धावपट्टीच्या कडेला बांधलेल्या दोरीपाशी जाऊन उभी राहिली. उन्हं उतरून शेवटची शर्यत होईपर्यंत आम्ही तिला खुर्ची देत राहिलो, पण त्या दिवशी ती परत काही बसली नाही.